‘येऊ नकोस’ असं मी म्हटलंच नव्हतं

बाकूला जाऊन जेमतेम दोन आठवडे झाले असतील. घराजवळच्या बाजारात एका बाईंपुढे लालभडक सफरचंदांचा ढीग होता. कुब्याची सफरचंदं. अझरबैजानच्या उत्तरेला कुबा म्हणून भाग आहे. आपल्याकडे रत्नागिरीच्या हापूसचं नाव जसं घेतात, तसं तिकडे कुब्याच्या सफरचंदाचं घेतात. शब्द मी आदल्या रात्री पाठ करून गेले होते, ‘आलमा’. बोट दाखवून म्हटलं, ‘आलमा’. बाईंनी हातातलं सफरचंद चटकन पाठीमागे नेलं आणि हसायला लागल्या. मग तेच सफरचंद माझ्या नाकासमोर धरून, शेवटच्या ‘मा’वर जोर देऊन म्हणाल्या, ‘आलमाऽ’. मी हात पुढे केला, तर त्यावर हलकेच चापट मारून, या वेळी सुरुवातीवर जोर देत म्हणाल्या, ‘आऽलमा!’ त्या चापटीमुळे अर्थ विचारायचं काम उरलं नाही. पहिलं म्हणजे सफरचंद. दुसरं म्हणजे ‘घेऊ नकोस’.

अझरबैजानी भाषेतली मनाई मला अशी पहिल्यांदा हातावर मिळाली. धातूला ‘मा’ किंवा ‘मॅ’ जोडला की झालं. ‘आल’ म्हणजे घे, ‘आलमा’ म्हणजे घेऊ नकोस. ‘गॅल’ म्हणजे ये, ‘गॅलमॅ’ म्हणजे येऊ नकोस. मा की मॅ, हे आधीच्या स्वरावरून ठरतं. आ, ओ, उ असे घशाकडचे स्वर असले तर मा, आणि ए, इ, ॲ असे पुढचे असले तर मॅ. समोरच्याला आदर द्यायचा असेल किंवा माणसं एकाहून जास्त असतील, तर वर ‘यिन’ लावायचा: गॅलमॅयिन, येऊ नका. तो ‘ॲ’ त्यांच्या लिपीत उलट्या इंग्रजी ‘e’सारखा दिसतो आणि पानापानावर इतका पसरलेला असतो, की नवख्याला आधी तोच दिसतो. आपण बॅट आणि कॅप लिहिण्यासाठी जो अर्धचंद्र डोक्यावर देतो, तो इथे मला पावलापावलाला उपयोगी पडला.

या ‘मा’ची गंमत अशी, की एरवी शब्दाच्या शेवटी पडणारा जोर तो स्वतःच्या अंगावर घेत नाही, आधीच्या अक्षरावर ढकलून देतो. त्यामुळे कितीतरी जोड्या तयार झाल्या आहेत. ‘दोनदुरमाऽ’ म्हणजे आइसक्रीम, ‘दोनदुऽरमा’ म्हणजे गोठवू नकोस. ‘गोवुरमाऽ’ म्हणजे परतलेलं मटण, ‘गोवुऽरमा’ म्हणजे परतू नकोस. आपल्या ताटातला कुर्मा त्याच तुर्की घराण्यातला आहे. फारसीतून फिरत फिरत तो आपल्याकडे आला आणि इथे येऊन शाकाहारीही झाला. आपल्या संस्कृतातही मनाईचा ‘मा’ आहे, ‘मा भैषीः’मधला. ते कळल्यावर मला दोन दिवस काही सुचत नव्हतं. पण या दोघांचं नातं नाही. आपला ‘मा’ क्रियापदाच्या पुढे उभा राहून वाट अडवतो, त्यांचा मागून येऊन चिकटतो. नुसता आवाजाचा योगायोग, तरी मला तो अजून आवडतो.

माझ्या नवऱ्याचं काम तेलाच्या क्षेत्रातलं, त्यामुळे तीन वर्षांसाठी बाकू. नॅरिमानोव भागात, सोव्हिएत काळातल्या पाच मजली इमारतीत आमचं घर होतं. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, आणि आमच्या बरोबर खाली, दुसऱ्यावर, खाला. खाला म्हणजे मावशी, आईची बहीण. पण आपण जसं भाजीवालीपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांना मावशी म्हणतो, तसंच तिकडे वयाने मोठ्या बाईला खाला म्हणतात. हा शब्द तोंडात बसवायला मला एक क्षणही लागला नाही.

खाला निवृत्त झालेल्या गणिताच्या शिक्षिका. इंग्रजी त्यांना येत नव्हतं आणि मला रशियन, म्हणून मग जे काही व्हायचं ते अझरबैजानीतच झालं. संध्याकाळी त्यांच्या स्वयंपाकघरात, कमरेत बारीक असलेल्या नाशपातीच्या आकाराच्या काचेच्या ग्लासात चहा, सोबत अक्रोडाचा मुरंबा (त्यांच्या भाषेतही तो मुरॅब्बॅच) आणि एक शंभर पानी वही. त्या लिहायच्या सिरिलिक लिपीत. शाळा त्याच लिपीत शिकलेल्या आणि जन्मभर फळ्यावर त्याच लिपीत लिहिलेलं. त्यांची आजी अरबी लिपीत वाचायची, आई १९२९ नंतर आलेल्या लॅटिन लिपीत शिकली, १९४०पासून सिरिलिक आली, आणि १९९१मध्ये देश स्वतंत्र झाल्यावर पुन्हा लॅटिन. एका घरातल्या चार बायकांनी एकच भाषा तीन लिप्यांत लिहिली. नात लॅटिनमध्ये लिहायची, खाला तिच्या वहीत डोकावून नाराजीने म्हणायच्या, अक्षर सुधार.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला गुणाकारावरून ‘मा’ समजावला. ‘वुरमाऽ’ म्हणजे गुणाकार. ‘वुऽरमा’ म्हणजे मारू नकोस. चाळीस वर्षं शाळेत एकाच शब्दाने मी मुलांना पाढेही शिकवले आणि त्यांची भांडणंही सोडवली, असं त्या सांगायच्या.

मनाई करायची म्हणजे दर वेळी आज्ञाच द्यायला हवी असं नाही. बाकूत सगळ्यात जास्त ऐकू येणारा मनाईचा शब्द आहे ‘ओल्माझ’. शब्दशः अर्थ, होत नाही. ‘ओलार’ म्हणजे होतं. बसमध्ये रिकाम्या जागेकडे हात करून कुणी विचारतं, ‘ओलार?’ शेजारचा मान हलवतो, ‘ओलार.’ दुकानात मूल काचेच्या भांड्याकडे धावतं, आई म्हणते, ‘ओल्माझ!’ आपलं ‘चालेल?’ ‘चालेल’ आणि ‘अजिबात चालणार नाही’ हे अगदी असंच आहे. चालण्याशी पायांचा काही संबंध नाही, होण्याशी घडण्याचा नाही. कोण परवानगी देतंय, कोण नाकारतंय, ते नावच येत नाही. जगाची रीतच तशी आहे, असं शब्द सांगतो. आणि आपलं ‘नये’ तरी वेगळं काय? ‘न ये’, येत नाही. खोटं बोलू नये म्हणताना आपण मुळात म्हणत असतो, की ते बोलता येण्यासारखं नाहीच.

या ‘ओल्माझ’ची एक जागा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. आमच्या इमारतीच्या मागे कचऱ्याचे मोठे पत्र्याचे डबे होते आणि त्या डब्यांच्या कडेला, बाहेरच्या बाजूला, प्लॅस्टिकच्या पिशव्या टांगलेल्या असायच्या. पिशव्यांत शिळा पाव. बाकूत कुठेही जा, हे दिसतं. पाव कचऱ्यात टाकायचा नाही. ज्याला जनावरांसाठी वगैरे हवा असेल त्याने न्यावा, म्हणून वेगळा टांगून ठेवायचा. रस्त्यात तुकडा पडलेला दिसला, तर माणसं तो उचलून, कपाळाला किंवा ओठांना लावून, पायात येणार नाही अशा उंच जागी ठेवतात. मी पहिल्यांदा उरलेला अर्धा पाव डब्यात टाकायला निघाले, तेव्हा खालांनी जिन्यातूनच हाक मारली: ‘आतमाग ओल्माझ! ग्युनाहदिर.’ टाकायचं नाही, पाप आहे. ग्युनाह, म्हणजे आपला गुन्हा. फारसीतून निघालेला शब्द त्यांच्याकडे पापच राहिला, आपल्याकडे येऊन पोलीस ठाण्यात जाऊन बसला. पण अन्नाला पाय लागल्यावर पटकन वाकून नमस्कार करणारी माझी आजी मला त्या जिन्यात आठवली, आणि मी पिशवी घेऊन परत वर आले.

सरकारी पाटीवर मात्र ‘गदाघानदिर’ असतं. प्रतिबंध आहे. प्रवेश गदाघानदिर, सिगरेट ओढणं गदाघानदिर. हा शब्द घरात कुणी वापरत नाही, जसं आपण घरात ‘सक्त मनाई आहे’ म्हणत नाही. सुराखानीच्या आतॅशगाहमध्ये, म्हणजे आपले मुलतानकडचे व्यापारी ज्या ज्वालेची पूजा करत त्या अग्निमंदिरात, मला आणखी एक प्रकार भेटला. तिथे भिंतीवर देवनागरीत कोरलेले शिलालेख आहेत. ‘श्रीगणेशाय नमः’ वाचलं आणि मला राहवेना. कास्पियनच्या काठावर, दगडात, आपली अक्षरं! बोट आपोआप ‘श्री’च्या वेलांटीकडे गेलं. मागून आवाज आला, ‘ॲल वुरमायिन, खानिम.’ हात लावू नका, बाईसाहेब. शब्दशः, हात मारू नका. आवाज इतका मऊ होता, की मी वळून त्या रखवालदारालाच नमस्कार केला. १९६९मध्ये तिथला नैसर्गिक वायू आटला, आता ज्वाला नळातल्या वायूवर जळते, हेही त्यानेच सांगितलं.

इथपर्यंत सगळं सोपं होतं. मनाई ही कुठल्याही भाषेत लवकर शिकता येते, कारण ती चुकली की कुणीतरी ताबडतोब ओरडतं. अवघड होती तिची शेजारीण. करायचं नाही असं नाही, पण करावंच लागेल असंही नाही. सक्ती नसणं. हिच्यात चूक झाली तर कुणी ओरडत नाही. चूक झाली हेच कळत नाही. मला कळायला सहा दिवस लागले.

दुसऱ्या वर्षीच्या जानेवारीत खॅझरी सुटला होता. खॅझरी म्हणजे उत्तरेकडून, समुद्रावरून येणारा वारा; तो आला की बाकूत माणसं भिंतीला धरून चालतात. खाला इमारतीच्या दाराशी घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. मुलगा मॉस्कोला, नात कॉलेजात. मी रोज दुपारी खाली जायला लागले. कधी मुगाची खिचडी, कधी त्यांच्याच सांगण्यावरून केलेलं दोवघा. दही आणि भरपूर हिरवा पाला घालून केलेलं गरम सार ते, आपल्या कढीच्या चुलत घरातलं. भांडी घासायची, केस विंचरून द्यायचे, थोडं बोलायचं. दहा-बारा दिवस असे गेले. एक दिवस मी निघताना त्या म्हणाल्या, ‘साबाह गॅलमॅक लाझिम देयिल, गिझिम.’ उद्या यायची गरज नाही, पोरी.

शब्द मला सगळे कळत होते. साबाह म्हणजे उद्या. गॅलमॅक, येणं. लाझिम, आवश्यक. देयिल, नाही. गिझिम, माझी मुलगी. वाक्याचं व्याकरण मी त्यांच्याच वहीत वीस वेळा लिहिलं होतं. तरी वरच्या मजल्यावर पोहोचेपर्यंत माझ्या मनात त्याचं भाषांतर झालं होतं: उद्यापासून येऊ नकोस.

मी गेले नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. मनाशी म्हटलं, आपण फारच घुसलो त्यांच्या घरात. परक्या बाईने रोज येऊन भांड्यांना हात लावणं त्यांना नको झालं असेल, म्हातारं माणूस, स्पष्ट कसं बोलणार. आपल्याकडे नाही का, ‘कशाला उगाच तसदी घेता’ म्हणजे आता निघा असा अर्थ असतो कधी कधी. सहाव्या दिवशी जिन्यात नात भेटली. तिने विचारलं, आजीचं काही चुकलं का?

मी तशीच खाली गेले. खाला खिडकीजवळ बसल्या होत्या, प्लास्टरमधला हात उशीवर. रागावल्या नव्हत्या, पण चेहरा उतरलेला होता. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, ‘मॅन गॅलमॅ देमॅदिम. लाझिम देयिल देदिम.’ मी ‘येऊ नकोस’ म्हटलं नाही. ‘गरज नाही’ म्हटलं.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. टेबलावर विजेचं बिल पडलं होतं. ते उलटं केलं, डाव्या हातात पेन धरलं आणि लहान मुलासारख्या वाकड्या अक्षरात दोन कंस काढले. पहिल्या कंसाच्या आत, ‘येणं’च्या आधी, उणे चिन्ह काढलं. दुसऱ्या कंसात ‘येणं’ तसंच ठेवून उणे चिन्ह कंसाच्या बाहेर, ‘गरज’ या शब्दाला लावलं. मग पेनाच्या टोकाने पहिल्यावर ठोकत म्हणाल्या, इथे मी तुझं येणं पुसलं. दुसऱ्यावर ठोकलं. इथे मी फक्त गरज पुसली. येणं तसंच आहे, बघ. ते तुझं आहे.

चाळीस वर्षं बीजगणित शिकवलेल्या बाईने एका विजेच्या बिलावर मला व्याकरण समजावलं. नंतर घरी बसून मी सगळी रूपं त्या दोन कंसांत घालून पाहिली, आणि भाषा पहिल्यांदा एकदम उलगडली. सक्तीचा त्यांचा प्रत्यय ‘माली’ किंवा ‘मॅली’. ‘गेतमॅलिसॅन’, तुला जायलाच हवं. आता नकार कुठे घालायचा? क्रियेला घातला तर ‘गेतमॅमॅलिसॅन’. दोन मॅ शेजारीशेजारी, पहिला नकाराचा, दुसरा सक्तीचा. न जाणं हेच तुझं कर्तव्य, म्हणजे जाऊ नयेस. तोच नकार बाहेर काढून शेवटी ‘देयिल’ म्हणून ठेवला, तर ‘गेतमॅली देयिलसॅन’: जायला हवं असं नाही. एक अक्षर इकडचं तिकडे, आणि बंद दार उघडं होतं.

पण भाषा बीजगणिताइतकी शिस्तीत राहत नाही, हे खालांनीही कबूल केलं. ‘बेलॅ ओल्माली देयिल’ म्हणजे व्याकरणाने पाहिलं तर ‘असं व्हायलाच हवं असं नाही’. प्रत्यक्षात लोक ते म्हणतात हळहळून किंवा रागावून: असं व्हायला नको! उणे चिन्ह बाहेर लिहिलंय, ऐकू येतं आतलं. म्हणून खरोखरच मोकळीक द्यायची असेल तेव्हा माणसं वेगळे शब्द घेतात. ‘लाझिम देयिल’, आवश्यक नाही. ‘एहतियाज योखदुर’, गरज नाही. ‘मॅजबूर देयिलसॅन’, तुझ्यावर बळजबरी नाही. हा मॅजबूर आपल्या मजबुरीतला. आणि ‘माली-मॅली’च्या रूपाला त्यांच्या व्याकरणाच्या पुस्तकात ‘वाजिब’ रूप म्हणतात. तोच अरबी शब्द आपल्याकडे ‘वाजवी’ होऊन भाजीच्या भावाला लागतो. त्यांच्याकडे वाजिब म्हणजे टाळता न येणारं, आपल्याकडे वाजवी म्हणजे बेताचं, पटेल असं. सक्तीवरून रास्तपणापर्यंतचा हा प्रवास मला फार सुंदर वाटतो.

मराठीत हे दोन कंस आपण किती सहज एकमेकांत मिसळतो! ‘उद्या शाळेत जायचं नाही.’ शनिवारी रात्री आईने म्हटलं तर सुट्टी, वडिलांनी आवाज चढवून म्हटलं तर शिक्षा. ‘नको’ तर बिचारा सगळीकडे राबतो. ‘जाऊ नको’मध्ये मनाई, ‘मला चहा नको’मध्ये अनिच्छा, ‘वेगळं सांगायला नको’मध्ये गरज नसणं, ‘असं व्हायला नको होतं’मध्ये दुःख. ‘तुला यायला नको’ हे वाक्य कागदावर लिहून दहा जणांना दाखवा, पाच म्हणतील येऊ नकोस असा अर्थ आहे, पाच म्हणतील तुला त्रास नको असा. आपल्यापाशी स्वच्छ वाटा नाहीत असं अजिबात नाही. ‘जाऊ नये’ आणि ‘जावं लागत नाही’ यांत कुणाचा गोंधळ होणार नाही. ‘नाही गेलीस तरी चालेल’ तर किती प्रेमळ वाक्य आहे. मिरजेची माझी आत्या दर दिवाळीला फोनवर सांगायची, ‘काही आणायला नको हं.’ आणि आम्ही पोहोचलो की आमच्या पिशवीकडे पाहायची. तिने खोटं काही सांगितलं नव्हतं. गरज काढून घेतली होती, आणणं आमच्याकडे ठेवलं होतं.

तर मग मी का चुकले? पुष्कळ दिवस मी मराठीच्या ‘नको’वर दोष ठेवत होते. नंतर लक्षात आलं की कारण भाषेत नव्हतंच. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मला घरातल्या मोठ्या माणसांनी अतिशय मायेने सांगितलं होतं, ‘तुला नोकरी करायची काही गरज नाही.’ मी तेव्हा शाळेत शिकवत होते, मराठीच. सुरुवातीला ते वाक्य मी शब्दांप्रमाणे घेतलं. गरज नाही, पण मला आवडतं, असं म्हणाले. तेव्हा उत्तर आलं नाही, फक्त जेवणाच्या टेबलावर शांतता आली. महिनाभराने पुन्हा तेच वाक्य, तितक्याच मायेने. मग मला कळलं की उणे चिन्ह कुठे आहे. जूनमध्ये शाळा सुरू झाली, मी गेले नाही. त्यानंतर ‘तुला एवढं शिकून काय करायचंय’, ‘तुला गाडी चालवायची काय गरज’, ‘तुला बोलायची गरज नाही, आम्ही बघतो’, अशी कितीतरी वाक्यं आली. सगळ्यांची वेष्टणं मोकळिकीची, आत मात्र ‘मा’. पंधरा वर्षांत माझा कानच तसा तयार झाला. ‘गरज नाही’ ऐकलं की पाऊल मागे घ्यायचं. खालांचं साधं, सरळ वाक्य त्या कानातून आत गेलं, आणि आत जाईपर्यंत ते ‘येऊ नकोस’ झालं होतं.

हे मी खालांना सांगितलं. माझ्या तुटक्या अझरबैजानीत, बरेच शब्द हाताने दाखवत. त्यांनी ऐकून घेतलं. चहा ओतला. म्हणाल्या, आमच्याकडेही असं बोलणारी माणसं आहेत. त्याचं नाव व्याकरणात नाही. मग थोड्या वेळाने, स्वतःशीच बोलल्यासारखं, ‘आयिबदिर.’ लाजिरवाणं आहे. आयिब, आपला ऐब.

त्या भाषेत सक्ती काढून घेण्याचं सौजन्य इतकं मुरलेलं आहे, की ‘कृपया’साठी जो शब्द आहे तोही मुळात तेवढंच म्हणतो: ‘झॅहमॅत ओल्मासा’, कष्ट होणार नसतील तर. मीठ पुढे करायला सांगतानाही आधी समोरच्याला नाही म्हणायची जागा करून द्यायची. आभार मानले की उत्तर ‘दॅयमॅझ’, त्या लायकीचं काही नव्हतं. चूक झाली, धक्का लागला, तर ‘एयबी योखदुर’, यात ऐब नाही. आणि कुणी काही घेऊन आलं की दारातच, ‘नॅ लाझिम इदी?’ काय गरज होती? हा प्रश्न मी आधी खराच समजून उत्तरं द्यायचे. खालांनी थांबवलं. म्हणाल्या, त्याचं उत्तर द्यायचं नसतं, चपला काढून आत यायचं असतं.

मार्चमध्ये नोव्रुझ आला, वसंतातला नव्या वर्षाचा सण. वसंत संपातापूर्वीचे चार मंगळवार तिकडे पाळतात, पाण्याचा, अग्नीचा, वाऱ्याचा आणि मातीचा. शेवटच्या मंगळवारी अंगणात शेकोटी पेटवून त्यावरून उड्या मारतात. त्या रात्री आणखी एक रीत आहे, कानाचा कौल. मनात काहीतरी धरून शेजाऱ्याच्या दाराशी गुपचूप उभं राहायचं, आतून जे पहिले शब्द कानावर पडतील त्यावरून मनातली गोष्ट होणार की नाही ते ताडायचं. म्हणून त्या रात्री घरात वाईट बोलायचं नाही, ‘पिस सोझ देमॅक ओल्माझ’. दाराबाहेर कोण, काय मनात धरून उभं असेल, सांगता येत नाही. खालांच्या खिडकीत ताटलीभर सॅमॅनी होती, गव्हाचे हिरवे कोंब, लाल फीत बांधलेले. आपल्या नवरात्रातल्या घटासारखे. त्या स्वतः त्या रात्री ‘मा’ आणि ‘मॅ’सुद्धा टाळायच्या. नातीला ‘दार उघडं टाकू नकोस’ म्हणायचं तर म्हणायच्या, ‘दार लावून घे.’ ‘विसरू नकोस’च्या जागी ‘लक्षात ठेव’. ही काही सगळ्या देशाची रीत नव्हे, त्यांची एकटीची. मी समोर बसून पाहत होते. उभ्या आयुष्यात कुणी एका रात्रीपुरतं इतकं सांभाळून बोलताना मी पाहिलं नव्हतं.

आम्ही निघालो त्या दिवशी खाला खाली अंगणापर्यंत आल्या. मनगट आता बरं होतं, त्याच हातात पाण्याचं भांडं. निघणाऱ्याच्या मागे पाणी टाकतात तिकडे, वाट पाण्यासारखी सुखाने जावी आणि माणूस परत यावं म्हणून. मला जवळ घेऊन म्हणाल्या, ‘झॅन्ग एलॅमॅयॅ मॅजबूर देयिलसॅन.’ फोन करायलाच हवा असं तुझ्यावर बंधन नाही. मग माझ्याकडे रोखून पाहिलं, या वेळी तरी नीट ऐकलंस ना, अशा नजरेने. पिशवीत कुब्याची सफरचंदं कोंबली. गाडी हलली तेव्हा मागे पाणी पडल्याचा आवाज आला.

त्याला आता काही वर्षं झाली. पुण्यात मी परदेशी विद्यार्थ्यांना मराठी शिकवते. ‘जाऊ नये’ आणि ‘जायची गरज नाही’ हा धडा आला की फळ्यावर दोन कंस काढते. दर वर्षी २० मार्चला, नोव्रुझच्या संध्याकाळी, फोन लावते. पलीकडून आवाज येतो, दर वर्षी थोडा अधिक लांबून.

‘नॅ लाझिम इदी, गिझिम?’

मी चपला काढते आणि खुर्ची ओढून बसते.